आणखी_जरा

कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत. मालक म्हणत, चहा देणारी बाई म्हणे, आणि तिच्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा असलेला फिटरही म्हणे. कारण एवढंच, की तिचा धाकटा भाऊ तिथं नोकरीला लागला तेव्हा पहिल्याच दिवशी तो भर दुपारी शेडच्या या टोकाकडून त्या टोकाला ओरडला होता, "ताई, डबा घरीच विसरलीस गं!" त्या दिवसापासून तिचं खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं.

कारखाना लिफ्टचे कंट्रोलर बनवायचा. लोकांना लिफ्ट म्हणजे वर-खाली करणारी पेटी दिसते. पण त्या पेटीनं कुठं थांबायचं, दार कधी उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, हे सगळं ठरवतो तो गच्चीवरच्या खोलीतला एक लोखंडी डबा. त्या डब्यांच्या पोटातल्या वायरी ताई जोडायची. वडील गेले तेव्हा ती कॉलेजात होती आणि धाकटा शाळेत. ती कॉलेज सोडून वायरी जोडायला लागली, धाकटा शिकून इंजिनियर झाला. लोक ही हकीकत फार गहिवरून सांगत आणि ताईचं डोकं फिरे. "त्याग-बिग काही नाही हो, मला गणित जमत नव्हतं," असं ती तोंडावर सांगायची. ही शुद्ध थाप होती, आणि ती धाकट्यानंच उघडी पाडली.

तो त्याच कारखान्यात प्रोग्राम लिहायला आला आणि काही वर्षांनी एक दिवस तिला हाताला धरून त्यानं आपल्या टेबलाशी बसवलं.

"वायरी जोडतेस ना, तसंच हे," तो म्हणाला. "फक्त या वायरी दिसत नाहीत."

"मग तुटली तर कळायचं कसं?"

"तेच तर लिहायचंय."

तेव्हा तिचे केस पिकायला लागले होते. त्या वयात माणसं गुडघ्याला कुठलं तेल चोळावं याची चौकशी करतात. ताई प्रोग्राम लिहायला शिकली. धाकटा मास्तर म्हणून भयंकर होता. तिची चूक सापडली की टेबल बडवायचा. लहानपणी पाढे चुकला की ती पाटी बडवायची, त्याची ही सव्याज परतफेड. बघता बघता त्या डब्यांतला निम्मा प्रोग्राम ताईच्या हातचा झाला. नावं मात्र सगळी त्याची.

नावांचं जरा नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं दुःख कशाचं तेच कळणार नाही. प्रोग्राम लिहिताना प्रत्येक गोष्ट एकेका कप्प्यात ठेवावी लागते. मोटर किती तापली, आत वजन किती, दार उघडं की बंद. अशा कप्प्याला व्हेरिएबल म्हणतात आणि त्याला नाव द्यावं लागतं. शहाणी माणसं कप्प्यांना शहाणी नावं देतात. धाकटा त्यातला नव्हता. मोटर तापल्याची खूण ज्या कप्प्यात, त्याचं नाव दम_लागला. वजन जास्त झाल्याची खूण, पोट_भरलं. दारात काही अडकलं तर कोण_अडवतंय. आणि सगळं ठाकठीक असूनही लिफ्ट जागची हलेना, तर रुसली. अक्षरं रोमन, पण शब्द घरचे. दोन शब्दांत मोकळी जागा चालत नाही म्हणून मध्ये ती खालची रेघ.

आता गंमत अशी, की ही नावं एरवी बाहेर कुणालाच दिसत नाहीत. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर, आणि तो सगळी नावं गाळून टाकतो. यंत्राला नावाचं कौतुक नाही, कप्पा कितवा एवढं कळलं की पुरे. लिहिणाऱ्यानं हौसेनं ठेवलेलं नाव लिहिणाऱ्याच्या टेबलावरच राहतं. पण धाकट्यानं एक मॅक्रो लिहिला होता. मॅक्रो म्हणजे कंपायलरच्या आधी पार पडणारी छोटीशी सूचना: इथं हे दिसलं की त्याच्या जागी ते लिही. धाकट्याच्या मॅक्रोत एक हॅशची खूण होती. त्या खुणेमुळे कप्प्याच्या नावाला, ते गाळलं जायच्या आत, दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लागायची. अवतरणचिन्हांत गेलं की ते नुसतं नाव राहत नाही, मजकूर होतो, आणि मजकुराला कंपायलर हात लावत नाही. तो जसाच्या तसा यंत्रात जातो. तिथून लिफ्टमधल्या छोट्या पाटीवर.

"म्हणजे इथं नाव बदललं की तिकडे पाटीवरही बदलणार?" ताईनं विचारलं होतं.

"आपोआप. दोन ठिकाणी लिहायची भानगडच नको. दोन ठिकाणी लिहिलं की माणूस एका ठिकाणी विसरतो."

"माणूस म्हणजे तू."

"माणूस म्हणजे मी," तो म्हणाला आणि हसला.

याच मॅक्रोकडून तो आणखी एक काम करून घ्यायचा. लिफ्ट बसवली की त्या इमारतीपुरते काही आकडे ठरवावे लागतात. मजले किती, दार किती वेळ उघडं. वीज गेली तरी हे आकडे राहावेत म्हणून ते एका चिपमध्ये ठेवतात. धाकटा प्रत्येक आकड्यासोबत त्याच्या कप्प्याचं नाव ठेवायचा, डब्यावर चिठ्ठी डकवावी तसं. लिफ्ट सुरू झाली की प्रोग्राम आपल्याकडचं नाव घेऊन चिपमध्ये शोधायचा. चिठ्ठी सापडली तर तिथला आकडा. नाही सापडली, तर कारखान्यानं घालून दिलेला.

मालकांनी पाटीवर पहिल्यांदा "रुसली" वाचलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. पण फिटरला ते शब्द असे काही आवडले की तो त्याच भाषेत बोलू लागला. "ताई, दवाखान्यातली रुसलीय, निघालोय मी," असा त्याचा फोन यायचा. एका स्थूल गृहस्थांनी लेखी तक्रार केली होती, की आपण एकट्यानं आत पाऊल टाकताच लिफ्टनं "पोट भरलं" असं जाहीर केलं आणि शेजाऱ्यांदेखत आपला अपमान झाला. धाकट्यानं वजनाचा काटा दुरुस्त केला, गृहस्थांच्या घरी जाऊन माफी मागितली, आणि चहा पिऊन आला. नाव काही बदललं नाही.

आईचे गुडघे गेले तेव्हा त्यानं राहत्या इमारतीत खटपट करून स्वतः उभं राहून लिफ्ट बसवून घेतली. आई रोज संध्याकाळी काठी टेकत खाली जायची, फाटकाजवळच्या बाकावर बायकांत बसायची, आणि दिवे लागायच्या आत वर यायची. तिचं सगळं जग त्या बाकावर होतं. लिफ्टमध्ये शिरताना ती न चुकता म्हणायची, "आले रे बाबा, आले." म्हातारी माणसं स्वतःशी बोलतात. कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही.

मग धाकटा गेला.

पोटाचं दुखणं होतं. कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सकाळी उठायला तो लहानपणापासून आळशी. उठवायला गेलं की पांघरुणातून एकच उत्तर, "आणखी जरा." दवाखान्यातही ताई कामावर निघाली की तो हेच म्हणायचा, आणि ती चप्पल घातलेली परत काढून बसायची. एका सकाळी तो काहीच म्हणाला नाही. ताईला तो गेल्याचं दुःख होतंच, पण माणूस गेल्यावर त्याचं मागं काय राहतं हा प्रश्न तिला जास्त खायला लागला. लग्न त्यानं केलं नव्हतं. चार शर्ट होते, एक चष्मा होता. आणि शहरभर लिफ्टमध्ये टांगलेले त्याचे शब्द होते.

ती त्या शब्दांच्या मागं लागली. काम नसताना कुठल्याही इमारतीत शिरायची आणि वर-खाली करायची. एकदा कपड्यांच्या दुकानातल्या लिफ्टमध्ये माणसं कोंबून भरली आणि पाटीवर आलं पोट_भरलं. सगळे खो खो हसले. शेवटी शिरलेला माणूस कान पकडून बाहेर पडला. ताईही हसली आणि हसता हसता तिला हुंदका आला. शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं वाटत नाही का हो?" ताई म्हणाली, "माझ्या भावानं लिहिलंय ते." बाईला काही कळलं नाही, पण तिनं ताईचा हात धरून ठेवला.

घरच्या लिफ्टमध्ये मात्र ताई पाऊल टाकत नसे. धाकट्याला शेवटचं दवाखान्यात नेलं ते तिथूनच, खुर्चीत बसवून. त्यानंतर ती जिन्यानं जायला लागली. लिफ्टवाली बाई जिना चढते म्हणून शेजारी चेष्टा करत, ती करू द्यायची.

पुढं मालक थकले आणि त्यांनी कारखाना एका मोठ्या कंपनीला देऊन टाकला. नवे साहेब आले. ते वाईट असते तर ताईला भांडता आलं असतं. पण ते भले गृहस्थ होते, दुसऱ्याच दिवशी धाकट्याच्या फोटोपुढं मिनिटभर उभे राहिले. मग त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"तपासणी करणारे अधिकारी लिफ्टमध्ये अडकले होते, ताई. पाटीवर रुसली म्हणून आलं."

"मग? रुसलीच होती ती."

साहेब हसले, पण पटकन गंभीर झाले. "सगळीकडे एकसारखे, ठरलेले शब्द हवेत. नाहीतर सर्टिफिकेट मिळणार नाही. पाटीवरही आणि प्रोग्राममध्येही. हे तुम्हालाच करावं लागेल. दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं तर तो सगळं मोडून नव्यानं लिहील."

ताईनं दोन दिवस प्रोग्राम पुढ्यात उघडून ठेवला. तिच्यापुढं दोन वाटा होत्या. मॅक्रो काढून टाकायचा आणि पाटीसाठी वेगळे शब्द लिहायचे, ही एक. मॅक्रो तसाच ठेवायचा आणि कप्प्यांची नावंच बदलायची, ही दुसरी. तिनं दुसरी धरली. मॅक्रो ही धाकट्याची कारागिरी होती. शब्द काय, त्याची थट्टा होती. थट्टा जाईल, पण हात राहील, अशी तिनं मनाची समजूत घातली. खरं म्हणजे तिला दोन्ही हवं होतं आणि दोन्ही मिळणार नव्हतं.

एकेक नाव ती स्वतः बदलत गेली. दम_लागला गेलं, त्याच्या जागी मोटर तापल्याचा चोख शब्द आला. पोट_भरलं गेलं. रुसलीपाशी ती थांबली, उठून खिडकीशी गेली, परत आली, आणि तेही बदललं. नावं बदलल्यावर चिपमधल्या जुन्या चिठ्ठ्या सापडणार नाहीत, हे तिच्या लक्षात होतं. ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. जुनं नाव कुठलं, त्याचं नवं कुठलं, असा तक्ता तिनं प्रोग्राममध्ये घातला, म्हणजे आकडे आपोआप नव्या नावाखाली जातील. लिफ्ट बसवताना फिटर जे जे आकडे भरतात ते एकूण एक तिनं तक्त्यात घेतले. आणि जाता जाता एक सूचना घातली, की तक्त्यात नसलेली जुनी नावं चिपमध्ये आढळली तर ती पुसून टाकावीत. टापटिपीची आवड वाईट असते असं आपल्याकडे कुणी सांगत नाही.

एका कप्प्यापाशी ती अडखळली होती. आणखी_जरा. ठरलेल्या वेळेवर दार आणखी किती थांबवायचं, ते ठेवायची जागा. कारखान्याचा आकडा शून्य. फिटरच्या कुठल्याही कागदावर त्याचा पत्ता नाही. तिनं फिटरला विचारलं, "हे कधी भरलंयत तुम्ही?" तो म्हणाला, "नाव पण ऐकलं नाही, ताई." धाकट्याला काहीतरी सुचलं असेल आणि राहून गेलं असेल, असं तिला वाटलं. ते नाव तिनं दोनदा वाचलं, पण शून्याला तक्त्यात घेऊन करायचं काय? तिनं कप्प्याला नवं, शहाणं नाव दिलं आणि ती पुढं गेली.

एकेका इमारतीत नवा प्रोग्राम चढत गेला. घरची लिफ्ट तिनं सगळ्यांत शेवटी ठेवली. आदल्या दिवशी आईजवळ बसून तिनं भीत भीत विषय काढला.

"आई, लिफ्टमधले ते शब्द आहेत ना, ते बदलणार आहेत गं. ह्यानं लिहिलेले."

"कसले शब्द?" आईनं विचारलं.

"पाटीवर येतात ते."

"मला कुठं दिसतंय पाटीवरचं? आणि ते इंग्रजी अक्षर मला लागतं तरी का?"

ताईच्या छातीवरचा धोंडा उतरला. आईचं यात काही जात नाही, जे जातंय ते आपलं एकटीचं, आणि आपलं आपण सोसू. तिला इतकं बरं वाटलं की तिनं आईच्या गुडघ्यांना तेल चोळून दिलं आणि तिच्याकडून दोन जुन्या गोष्टी ऐकल्या.

नवा प्रोग्राम चढला. त्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले, तर तोंड भरून कौतुक. "काय जादू केलीत हो ताई! आमची लिफ्ट म्हणजे निव्वळ कुंभकर्ण. दार उघडलं की लागायचं नावच घ्यायची नाही. आता कशी चपळ झालीय!" ताई खूश झाली. रुळांना तेलपाणी केलं असेल फिटरनं, असं तिला वाटलं.

आई मात्र खाली जाईनाशी झाली. आज गुडघा दुखतोय, आज डोकं जड झालंय, आज काय कंटाळाच आलाय. बाकावरच्या बायका वर येऊन चौकशी करून गेल्या. संध्याकाळ झाली की आई खिडकीशी खुर्ची ओढायची आणि वरून फाटकाकडे बघत बसायची. ताईनं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, गुडघे होते तसेच आहेत, थोडं चालतं ठेवा.

"मग जात का नाहीस खाली?" ताई शेवटी चिडली. "डॉक्टर सांगतायत, बायका बोलावतायत. हट्ट कशाचा करतेस?"

आई लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

"दार थांबत नाही गं आता," ती म्हणाली.

"कुठलं दार?"

"लिफ्टचं. पूर्वी थांबायचं. मी काठी आत टाकायची, मग हा पाय, मग तो पाय, वळून दांडी धरायची, मग लागायचं. आता निम्म्यातच येतं अंगावर. त्या दिवशी काठीला धडकलं. लागलं नाही मला काही, परत उघडलं ते. पण भीती वाटते." आणि मग जरा थांबून, "त्यानं सांगितलं होतं मला. आई, तू घाई करायची नाहीस, मी दाराला सांगून ठेवलंय. म्हणून मी आत शिरताना त्याला सांगायचे, आले रे बाबा, आले. आता मी म्हणते, पण ते ऐकत नाही. रागावलाय का गं तो?"

ताई उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. सगळ्या शहरात ज्याला ती शोधत फिरली होती तो घरच्या दारात उभा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. रोज संध्याकाळी तो आपल्या आईसाठी दार धरून उभा राहायचा, तो गेल्यानंतरही राहिला, आणि त्याला तिथून घालवला तो तिनं, स्वतःच्या हातानं, टापटिपीसाठी.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिनं त्याचा कॉम्प्युटर धुंडाळला, जुने प्रोग्राम उघडले. सगळीकडे आणखी_जरा शून्यच होतं. असणारच. आकडा त्यानं इमारतीत उभं राहून, लिफ्टच्या पाटीखालची बटणं दाबून भरला होता. तो फक्त त्या एका चिपमध्ये होता, आणि तिच्याच सूचनेनं पुसला गेला होता.

"कागदावर नसणारच," फिटर म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. "आता आठवतंय मला. लिफ्ट बसवली त्या दिवशी त्यांनी मला गच्चीवर पाठवलं होतं आणि स्वतः खाली राहिले. आईंना सारखं आत-बाहेर, आत-बाहेर करायला लावत होते. हसण्याचा आवाज वरपर्यंत येत होता. काय चाललंय विचारलं, तर म्हणाले, माप घेतोय."

सुट्टीच्या दिवशी दुपारी ताई त्या लिफ्टमध्ये शिरली. खुर्चीत बसवून धाकट्याला नेलं त्यानंतर पहिल्यांदाच. पाटीखालचं झाकण उघडून तिनं बटणांशी बोट नेलं. आई काठी घेऊन बाहेर उभी राहिली.

"ये," ताई म्हणाली. "हे त्याच्यासारखं आहे का सांग."

आई आली. काठी, हा पाय, तो पाय. दार खांद्यापाशी आलं.

"नाही."

ताईनं आकडा वाढवला. आई बाहेर गेली, परत आली.

"जवळ जवळ. पण नाही. तो मी दांडी धरली की मग लावायचा."

पुन्हा. "हे लवकर झालं." पुन्हा. "हे उगाच थांबलं." आई दमली, पण नको म्हणाली नाही. मध्येच एकदा ती हसली, कशाला म्हणून नाही, बहुतेक त्यानं माप घेतलं त्या दिवसाची आठवण आली असेल. एक आकडा ताईला अगदी बरोबर वाटला. आई शिरली, वळली, दांडीला हात लागला आणि दार लागलं. ताईनं आशेनं तिच्याकडे पाहिलं.

"हो, वेळ तेवढीच आहे," आई म्हणाली. "पण मला ठाऊक आहे ना, तू लावतेयस ते."

ताईला रडू फुटलं. कारखान्यात रडली नव्हती, दवाखान्यात रडली नव्हती, ती आता बटणांवर डोकं टेकून रडली. आकडा कुठला दाबला गेला तिला कळलंही नाही. दार उघडलं आणि उघडंच राहिलं. दोघी आत उभ्या होत्या. समोर घराचा दरवाजा होता, बाजूला चपलांचा रॅक, आणि रॅकच्या खालच्या फळीवर अजून कुणी न उचललेले त्याचे बूट. दार लागायचं नाव घेईना. आईनं "आले रे बाबा" म्हटलं नाही. तिनं एक हात दांडीवर ठेवला होता, दुसऱ्या हातानं ती ताईच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि दोघीही बाहेर बघत होत्या, बूट घालून कुणी मागून येतंय म्हणून थांबावं तशा.

"लाव आता दार," आई म्हणाली. "येणारं कोणी राहिलं नाही."

ताईनं बटण दाबलं. दार लगेच लागलं.